जिल्हा कोणता, आजी?

आशाताईंच्या हातातल्या छापील अर्जात साठी ओलांडलेल्यांसाठी चार जादा प्रश्न असतात. उभं राहताना-चालताना तोल जातो का, हालचाल अडेल असं काही अपंगत्व आहे का, रोजच्या कामाला दुसऱ्याचा हात लागतो का, आणि चौथा: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरता का? मराठवाड्यातल्या खेड्यांत म्हाताऱ्या माणसांची स्मरण-तपासणी म्हणून जे काही होतं, ते बहुतेक या चौथ्या प्रश्नापाशी सुरू होतं आणि ‘नाही’वर खूण करून तिथंच संपतं.

आता हा प्रश्न ओट्यावर बसून विचारून बघा. ऐंशीच्या घरातली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेईल, एरवी ‘आमचे ह्ये’ नाहीतर ‘पोरांचा बाप’. ती नाव विसरली आहे की तोंडावर आणत नाही, हे अर्जाला कसं कळावं? पत्त्याचंही तसंच. शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्याला घर नंबर नाही, गल्ली नाही. ‘मारुतीच्या मागून ओढ्याकडं या, बाभळीपाशी कुनालाबी इचारा’ हाच पत्ता, आणि तो अगदी बरोबर असतो. अशा अर्जांची मराठी तपासण्यात आणि ते भरून घेताना सोबत फिरण्यात माझी काही वर्षं गेली, त्यामुळे या टिपणाचा तोलही तिकडंच झुकणार.

फार जुन्यात जायचं कारण नाही. १९०६ मध्ये आल्झायमर या जर्मन डॉक्टरानं आपल्या मृत रुग्णबाईच्या मेंदूत जे पाहिलं ते सभेपुढं मांडलं आणि १९१० मध्ये त्या आजाराला त्याचं नाव मिळालं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. मराठीतल्या शब्दाचा प्रवास मात्र निराळा आहे. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला. रागातून संमोह, संमोहातून स्मृतीचा गोंधळ आणि ‘स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशः’. तिथं म्हातारपणाचा काही संबंध नाही. तरण्याताठ्या माणसाचा विवेक सुटतो, त्याची ती पायरी. वैद्यकाच्या मराठीनं तो शब्द उचलून आजाराला लावला. गावात तो कुणी बोलत नाही. गावात ‘साठी बुद्धी नाठी’ असते, ‘बाहेरचं’ असतं आणि ‘म्हातारचळ’ असतो. म्हातारचळ या शब्दाला उतारवयातल्या छंदीफंदीपणाचाही वास आहे, त्यामुळे मुलगा तो आपल्या बापासाठी डॉक्टरपुढं कधीच वापरणार नाही. तो म्हणतो, “इसरू लागलेत जरा, बाकी काई नाई.” आजाराचा निम्मा इतिहास या ‘जरा’त दडपला जातो.

तपासणीची जी पट्टी जगभर चालली ती १९७५ सालची, ३० गुणांची. वेळ-काळ सांगा, ठिकाण सांगा, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करत जा, कागदावरचा आदेश वाचून तसं करा, एक वाक्य लिहा, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा. साधारणपणे २४ च्या खाली गुण आले की संशय धरायचा. २००५ मध्ये आलेली दुसरी पट्टीही ३० गुणांचीच. तिच्यात घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची असतात आणि शिक्षण बारा वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून मिळतो. बारा वर्षं! १९४८ च्या आधी निजामाच्या राज्यात जन्मलेल्या मराठवाड्यातल्या बाईला बहुधा एक वर्षही मिळालेलं नाही. जे थोडे पुरुष शाळेत गेले त्यांतल्या अनेकांचं वरचं शिक्षण उर्दूतून झालं. ‘डोळे मिटा’ हे देवनागरीत लिहून पुढं धरलं की असा माणूस अडखळतो, आणि गुण जातो स्मृतीचा.

ही अडचण देशात कुणाला दिसलीच नव्हती असं नाही. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत निरक्षर वृद्धांसाठी हिंदी पट्टी घडवली गेली, ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात वजाबाकीची जागा वारांच्या उलट्या क्रमानं घेतली, आणि लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी बोलायला सांगितलं. पुढं केंद्राच्या वैद्यकीय संशोधन यंत्रणेनं भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा संच बनवला, त्याची पडताळणी २०२० मध्ये छापून आली. पहिल्या पाच भाषा होत्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. म्हणजे देगलूरच्या पलीकडं तेलुगू, उमरग्याच्या पलीकडं कन्नड, आणि मधले आम्ही परदेशी पट्ट्यांच्या मराठी भाषांतरावर. त्यातही १९७५ च्या पट्टीचे हक्क २००१ पासून एका प्रकाशकाकडं आहेत. एकेकाळी कुणीही कागदावर उतरवून घ्यायचं, आता परवाना लागतो.

पण भाषेपेक्षाही जास्त भांडण मी ज्या प्रश्नावर पाहिलं, तो वरवर सगळ्यांत सोपा आहे. जिल्हा कोणता?

१९७५ च्या पट्टीत ३० पैकी १० गुण काळ-वेळ आणि ठिकाणाचे आहेत, त्यातला एक जिल्ह्याचा. आता कळमनुरीकडचा १९४४ साली जन्मलेला एक माणूस घ्या. तो जन्मला तेव्हा राज्य हैदराबाद, जिल्हा परभणी. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १ मे १९९९ रोजी त्याचा जिल्हा हिंगोली झाला. या सगळ्या काळात त्यानं घर हलवलेलं नाही. वयाची पंचावन्न वर्षं त्याचा जिल्हा परभणी होता. कोर्टाची तारीख परभणीला, सरकारी दवाखाना परभणीला. त्यानं ‘परभणी’ म्हटलं तर चूक? परतूरच्या म्हाताऱ्यांचंही तेच, १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला आणि ते परभणीतून तिकडं गेले. लातूरकर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होते. विलीन झाला तेव्हा मराठवाडा पाच जिल्ह्यांचा होता, आज आठांचा आहे.

त्यावर नामांतरं. धाराशिव हे नाव जुन्या लोकांच्या तोंडी आधीपासून होतं. २०१५ मध्ये एखाद्या आजीनं ‘धाराशिव’ सांगितलं असतं तर उत्तरपत्रिकेप्रमाणे तो शून्य गुण होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रानं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव या नावांना मान्यता दिली, जिल्हा-तालुक्याच्या महसुली पातळीवरचा बदल मात्र सप्टेंबरमध्ये झाला. मधल्या महिन्यांत एका बाजूच्या पाट्या नव्या, दुसरीकडचे कागद जुने. त्याच पावसाळ्यात आम्हाला एका प्रशिक्षणात सांगण्यात आलं की सध्या अधिकृत असेल तेच बरोबर धरा. मागच्या रांगेतल्या एका सिस्टरनं विचारलं, “सर, अधिकृत कोन्तं?” उत्तर मिळालं नाही, चहा आला.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद बिनबुडाचा नाही, तो सांगायला हवा. नवी माहिती धरून ठेवता न येणं हीच या आजाराची पहिली खूण, त्यामुळे नवं नाव न आठवणं मोजलंच पाहिजे, असं मेंदूविकाराचे डॉक्टर म्हणतात. लातूरच्या निवृत्त मास्तरांना ते लागू पडतं, रोज पेपर वाचतात. पण ज्या बाईचा गेल्या वीस वर्षांत तालुक्यापलीकडं प्रवास नाही, तिला नवं नाव कुणी सांगितलंच नसेल तर ती विसरली कशी? मी पाहिलेल्या गटात काहीजण दोन्ही नावं बरोबर धरत, काही फक्त नवं. परभणी म्हणणाऱ्याला कुणी गुण देई, कुणी नाही. राज्य आणि जिल्हा मिळून दोन गुणांचा फरक पडला की २५ चे २३ होतात, आणि माणूस रेषेच्या अलीकडून पलीकडं जातो. माझं मत विचाराल तर हा प्रश्न मराठवाड्यापुरता काढून टाकावा आणि गावात आठवडी बाजार कुठं भरतो ते विचारावं.

तारखेचं दुखणं त्याच जातीचं. ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीला एका ओट्यावर आजींना महिना विचारला. त्या म्हणाल्या, “धोंड्याचा. जावई यायचेत न्हवं.” अधिक श्रावण चालू होता, तळणीचा वास घरातून बाहेर येत होता. कागदावर ‘ऑगस्ट’साठी रकाना होता. सालाचं विचारलं तर नव्वदीतला एखादा अजून जुन्या महसुली कागदांवरचा फसली सन सांगतो, त्यात १९४७-४८ म्हणजे १३५७. वयाचा हिशोबही रझाकाराच्या वेळचा, बहात्तरच्या दुष्काळातला, किल्लारीच्या वर्षीचा. आधारवर मात्र अनेकांची जन्मतारीख १ जानेवारी असते. खरं वय सत्तर की अठ्ठ्याहत्तर हे नक्की नसताना वयानुसार अपेक्षित गुण कुठल्या ओळीत बघायचे, हाही प्रश्नच.

आणि किल्लारीच घरच्यांना फसवते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशीचं गणपतीचं विसर्जन, पत्रे कसे वाजले, कोण कुठं झोपलं होतं, हे बाबा मिनिटामिनिटानं सांगतात. मग घरचे म्हणतात, इतकं आठवतं त्याला विसरण्याचा आजार कसा असेल? जुनं टिकतं आणि सकाळी जेवलो की नाही ते जातं, ही या आजाराची रीतच आहे. दोन-तीन वर्षं अशी हातची जातात.

सरसकट सगळ्या वृद्धांची तपासणी करावी का, यावर जगातही एकमत नाही. अमेरिकेत तक्रार नसलेल्या वृद्धांच्या तपासणीचा फायदा-तोटा ठरवायला पुरावा अपुरा आहे, असाच निष्कर्ष २००३, २०१४ आणि २०२० मध्ये निघाला. इंग्लंडमध्ये २०१४ साली डॉक्टरांना प्रत्येक निदानामागे ५५ पौंड देण्याची योजना आली, तिच्यावर गदारोळ झाला आणि काही महिन्यांत ती संपली. आपल्याकडं २०२३ च्या अंदाजानुसार साठीपुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त. आकडा मोठा आहे म्हणून तपासणी करा, हे बोलायला सोपं. तपासणीनंतर कुठं, हा भाग पत्रकांत एका ओळीत आटोपतात.

निरक्षर माणसासाठी खरं तर दुसरी वाट आहे. त्यालाच काही विचारण्यापेक्षा रोज सोबत असणाऱ्याला विचारायचं: दहा वर्षांपूर्वीपेक्षा पैशाचा हिशोब, वाटा, ठेवलेल्या वस्तू यांत फरक पडलाय का? अशा प्रश्नावल्या १९८९ पासून आहेत आणि त्यांत शाळेचा अडसर बराच कमी होतो. पण बीड जिल्ह्यात ही वाटही दिवाळीनंतर बंद होते. ऊसतोडीला कोयते निघाले की सून-मुलगा कारखान्यावर, घरी म्हातारी आणि शाळेतली नातवंडं. ‘आजी तेच तेच इचारते’ हे नववीतल्या नातीला ठाऊक असतं. अर्जात तिला विचारायची सोय नाही.

मेंदू जपण्याच्या बाजूनं मात्र चित्र एवढं वाईट नाही. २०२४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभ्यासगटानं टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली, ती सगळी हटवता आली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल असा त्यांचा हिशोब. रक्तदाब, साखर, तंबाखू ओढणं, कमी ऐकू येणं, कमी दिसणं हे सगळं त्या यादीत आहे, आणि यातलं बरंचसं आशाताईंच्या त्याच अर्जात वरच्या भागात विचारलेलंही असतं. मशेरीचं तेवढं बायका ‘तंबाखू नाई खात’ म्हणून सोडून देतात, खोदून विचारावं लागतं. कानांचं फारसं कुणी मनावर घेत नाही. तीन शब्द नीट ऐकूच आले नाहीत तर ते थोड्या वेळानं परत कसे सांगणार? मोतीबिंदूच्या शिबिरांची सवय मराठवाड्याला आहे, तशी कानांच्या शिबिरांची नाही. थायरॉईड, नैराश्य आणि बी-१२ ची कमतरता हीही विसरण्याची कारणं असतात आणि ती उपचारानं सुधारू शकतात. माळ घातलेल्या, वर्षानुवर्षं मांस-मासे न खाल्लेल्या वारकरी घरांत तरी बी-१२ ची तपासणी आधी व्हायला हवी असं मला वाटतं.

वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वेगळा कक्ष ही त्यातली मुख्य गोष्ट. राज्याच्या २०१३ च्या धोरणात ज्येष्ठ नागरिक म्हणजे पासष्टचे होते, २०१८ मध्ये ते साठचे झाले. राष्ट्रीय कार्यक्रम साठच धरत आलेला. एसटीचा हिशोब आणखी वेगळा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, पासष्ट ते पंचाहत्तर अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धं. जिल्ह्याच्या दवाखान्यात स्मरणाच्या तपासणीला ‘सोबत माहितगार व्यक्ती आणा’ असं सांगतात. सून आली तर अर्ध्या तिकिटात भागतं. मुलगा आला तर पूर्ण तिकीट आणि त्या दिवसाचा रोज बुडतो.