नक्कल केलेली किल्ली आणि कोडवरून कापलेली किल्ली

फोक्सवॅगनची टाइप २ व्हॅन, विशेषतः १९६७ ते १९७९ या काळात जर्मनीत बनलेली तिची दुसरी पिढी, कॅम्परच्या, म्हणजे आत झोपण्या-राहण्याची सोय केलेल्या गाडीच्या, रूपात ज्यांच्याकडे आज आहे, त्यांना गाडीबरोबर बहुधा किल्ल्यांचा जुडगाही मिळतो. मधल्या काळात कोणी इग्निशनचे बॅरल, म्हणजे कुलपातला किल्लीबरोबर फिरणारा गोल भाग, बदललेले असते, कोणी अपघातानंतर चालकाचे दार. आणि हाती उरलेली मूळ किल्ली दोन-तीनदा हलवल्याशिवाय फिरत नाही. अशा वेळी मालक सांगतो, ‘नवी किल्ली करून द्या.’ या मागणीत दोन वेगळी कामे दडलेली आहेत आणि ती एकच समजली गेल्यामुळे बरेच पैसे व कधीकधी चांगली मूळ कुलपेही वाया जातात.

नक्कल करण्याच्या यंत्रात दोन शिकंजे असतात. एकात जुनी किल्ली आणि दुसऱ्यात ब्लँक, म्हणजे दात न कापलेली कोरी किल्ली, धरली जाते. जुन्या किल्लीच्या दातांवरून एक टोक फिरते आणि त्याच चढउतारांप्रमाणे कटर ब्लँक कापतो. यंत्राला किल्ली मुळात कशी होती हे ठाऊक नसते, ती आज कशी आहे एवढेच त्याला कळते. त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांत घासून गोलावलेले दात नव्या, चकचकीत धातूत तसेच उतरतात आणि त्यात यंत्राची स्वतःची थोडी चूक मिसळते. नकलेवरून पुन्हा नक्कल केली की ही तफावत वाढत जाते.

कोडवरून किल्ली कापताना जुनी किल्ली समोर असण्याची गरजच नसते. प्रत्येक दात कोणत्या अंतरावर आणि किती खोल असावा, हे कारखान्याने ठरवलेल्या मापांवरून घेतले जाते, आणि कोड म्हणजे त्या मापांपर्यंत पोहोचण्याचा क्रमांक. मूळ किल्ल्यांवर जर्मनीतील वेल्बर्ट येथील हुफ या कारखान्याचे नाव अनेकदा दिसते; कोड मात्र बहुधा कुलपाच्या अंगावर, म्हणजे बॅरलवर किंवा दाराच्या मुठीच्या आतल्या भागावर ठोकलेला असतो आणि तो वाचण्यासाठी भाग उतरवावा लागतो. नकलेच्या किल्लीवर दिसणारा आकडा हाच कोड आहे असे अनेकजण धरून चालतात, पण तो साधारणपणे ब्लँकच्या नमुन्याचा असतो आणि दातांच्या खोलीविषयी तो काहीही सांगत नाही.

मग कोडची किल्ली नेहमीच सरस म्हणावी का? माझ्या मते होय, पण तिच्याने कुलूप दुरुस्त होत नाही, आणि नेमके हेच कुलपाच्या आत पाहिल्यावर कळते. बॅरलमध्ये पातळ पितळी पट्ट्या, म्हणजे वेफर, एकामागे एक बसवलेले असतात आणि प्रत्येकाला बारीक स्प्रिंग असते. किल्ली नसताना वेफरच्या कडा बाहेरच्या खोबणीत शिरून बॅरल अडवतात. योग्य किल्ली घातली की सगळे वेफर बॅरलच्या गोलाईशी समपातळीत येतात आणि ते फिरते. एखादी कडा केसभर जरी बाहेर राहिली तरी किल्ली अडखळते. ही झीज किल्लीच्या दातांत असते तशीच वेफरमध्येही असते. इंजिन चालू असताना किल्ली सहज बाहेर येत असेल, तर किल्ली, वेफर किंवा दोन्ही बरेच झिजले आहेत असे समजावे.

म्हणून कोडची किल्ली आधी कमी वापरलेल्या मूळ कुलपात, उदाहरणार्थ शेजारच्या प्रवाशाच्या दारात, घालून पाहावी. तिथे ती लोण्यासारखी फिरली आणि इग्निशनमध्ये अडली, तर दोष इग्निशनच्या बॅरलमध्ये आहे किंवा ते मागाहून बदललेले आहे. कोड पुसला गेला असल्यास याच कमी झिजलेल्या कुलपाचे वेफर मोजून कुशल कारागीर मूळ खोली काढू शकतो. गाडीबरोबर न वापरलेली मूळ जादा किल्ली मिळाली असेल, तर मात्र तिची काळजीपूर्वक केलेली नक्कल कोडच्या किल्लीइतकीच उपयोगी ठरते.

बॅरल उघडताना वेफरचा क्रम बिघडू देऊ नये. ते काढलेल्या क्रमाने कागदावर मांडावेत, वाळलेले ग्रीस धुऊन काढावे, झिजलेले वेफर त्याच खोलीचे नवे घालावेत आणि शेवटी तेलाऐवजी थोडी ग्राफाइटची भुकटी वापरावी, कारण तेलाला धूळ चिकटते. बॅरल आणि किल्लीची खाच एकाच नमुन्याची असेल, तर बदललेल्या कुलपांचे वेफरही याच वेळी मूळ कोडनुसार लावून घेता येतात आणि दारे व इग्निशन पुन्हा एका किल्लीवर येतात. हे झाल्यावर कोडवरून दोन किल्ल्या कापून घ्याव्यात: एक रोजच्या वापरासाठी आणि दुसरी पुढच्या नकलेचा नमुना म्हणून, कोडच्या नोंदीसह घरी ठेवण्यासाठी.