प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते का?

गॅरेजमध्ये बाइक नेऊन ‘मागचा शॉक (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) जरा टाइट करा’ म्हटलं की मेकॅनिक शॉकचा वाकडा पाना घेतो, स्प्रिंग दाबून धरणारी रिंग दोन खाचा फिरवतो आणि म्हणतो, ‘घ्या, हार्ड झाला.’ बसून बघितलं तर खरंच हार्ड लागतो. पण स्प्रिंग होती तशीच आहे, वाढलाय तो फक्त प्रीलोड. रोजच्या रस्त्यावर हा घोळ चालून जातो. रेसिंग ट्रॅकवर नाही चालत.

प्रीलोड म्हणजे गाडीचं वजन पडायच्या आधीच स्प्रिंग किती मिलिमीटर दाबून बसवलीय ते. स्प्रिंग रेट म्हणजे तीच स्प्रिंग आणखी एक मिलिमीटर दाबायला किती जोर लागतो ते. रेट ठरतो तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि त्यांची संख्या यांवर. रिंग फिरवून यातलं काहीच बदलत नाही.

हिशेबासाठी सोपे आकडे घेऊ. पुढच्या फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या) दोन्ही स्प्रिंगा मिळून १८ न्यूटन प्रति मिलिमीटर, आणि रायडर बसल्यावर पुढे पडणारं वजन ९०० न्यूटन. स्प्रिंग एकूण ५० मिमी दबणार. त्यातले १५ मिमी प्रीलोडने आधीच दाबलेत, म्हणजे फोर्क ३५ मिमी बसेल. हाच सॅग. आता जोरात ब्रेक दाबला आणि पुढचा भार दुप्पट, १८०० न्यूटन झाला. फोर्क ३५ वरून ८५ वर जाईल, म्हणजे ब्रेकने पुढे ५० मिमी खाली गेली, ५० मिमी डाइव्ह. प्रीलोड २० केला तर? ३० वरून ८०. डाइव्ह पुन्हा ५०च! गाडी फक्त ५ मिमी उंच उभी राहिली. आता स्प्रिंगाच बदला आणि दोन्ही मिळून २० न्यूटनच्या घाला, प्रीलोड १० ठेवा. फोर्क ३५ वरून ८० वर जाईल. सॅग पहिल्याइतकाच आणि डाइव्ह ४५. (फोर्कमधली हवा आणि फोर्कचा तिरकेपणा इथे सोडून दिलाय. खऱ्या गाडीत आकडे हलतात, पण गणित हेच.)

मग हार्ड का लागतो? कारण दाबून बसवलेली स्प्रिंग हलायलाच आधी तेवढा जोर मागते. रिकाम्या गाडीचं वजन त्या जोराला पुरं पडलं नाही, तर उभ्या गाडीची सीट हाताने दाबताना नेमकं हेच जाणवतं. तोटा वेगळाच आहे: सॅग फार कमी झाला की चाकाला खाली जायला जागा उरत नाही. ट्रॅकवरच्या छोट्या खड्ड्यात उतरण्याऐवजी ते हवेत राहतं, आणि हवेतल्या टायरला कसली ग्रिप?

म्हणून आधी मोजायचं. फोर्कच्या नळीला झिप टाय बांधा, सीलपर्यंत खाली सरकवा. ट्रॅकवर घालता तोच सूट, बूट, हेल्मेट घालून बसा. गाडी सरळ धरायला एक मित्र, मोजायला दुसरा. ट्रॅकसाठी पुढे साधारण ३० ते ३५ मिमी आणि मागे २५ ते ३० मिमी सॅग धरतात. त्यासाठी रिंग खुशाल फिरवा, प्रीलोड त्याचसाठी असतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या फोर्कला प्रीलोडची सोय नसते, मग लोक स्प्रिंगवर पीव्हीसी पाइपचा तुकडा ठेवतात. तोही प्रीलोडच, कितीही ‘फोर्क हार्ड केला’ म्हणोत.

खरी गंमत यानंतरच्या मापात आहे. रायडर बसल्यावर मागचा सॅग बरोबर आला की खाली उतरा आणि गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते ते बघा. साधारण ५ ते १० मिमी हवं. शून्य आलं, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे: तुम्हाला पेलण्यासाठी प्रीलोड इतका द्यावा लागला की रिकामी गाडी बसतच नाही. १५च्या पुढे गेलं तर स्प्रिंग कडक आहे. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. मलाही वाटलं होतं.

सूट-हेल्मेट धरून माझं वजन ९० किलोच्या आसपास. रिंग शेवटच्या खाचेला नेली तेव्हा कुठे सॅग जमला, आणि रिकाम्या गाडीचा आला शून्य. एक पायरी जास्त कडक स्प्रिंग घातली तर रिंग तिसऱ्या खाचेवर परत आली. मेकॅनिकने बघितलं आणि विचारलं, ‘एवढा खर्च करून परत सॉफ्ट केला?’