समुद्रकाठ, डोंगर आणि वाळवंट : गोल्फ सहलीची आखणी

आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक नामांकित मैदानांची यादी आणतात आणि ती एका आठवड्यात बसवून मागतात. यादी बसते, खेळ मात्र बसत नाही. म्हणून सहलीत भूभाग बदलत असेल, तर प्रत्येक प्रकारच्या जमिनीवर लागोपाठ दोन फेऱ्या (एक फेरी म्हणजे अठरा होलचा पूर्ण खेळ) ठेवाव्यात, असा आमचा आग्रह असतो. पहिली फेरी जमीन ओळखण्यात जाते, दुसरीत खेळ जमतो.

समुद्रकाठच्या रेताड जमिनीवरील मैदानांना लिंक्स म्हणतात. तेथील माती पाणी धरत नाही, त्यामुळे फेअरवे, म्हणजे होलकडे नेणारे कापलेल्या गवताचे पट्टे, टणक राहतात. तेथे थेट ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) उंच टाकलेला चेंडू उसळून पलीकडे जातो. तो बराच अलीकडे टेकवून घरंगळत जाऊ द्यावा लागतो, आणि ही गोष्ट डोक्याला लगेच पटली तरी हाताला पटायला अठरा होल लागतात. समुद्रावरचा वारा बहुधा दुपारी जोर धरतो, म्हणून सकाळचा टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करण्याची राखीव वेळ, घ्यावा. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील ओल्ड कोर्स हे मैदान रविवारी सहसा खेळासाठी बंद असतो. असे बंधन असलेल्या मैदानाची तारीख आधी पक्की करून बाकीचे दिवस तिच्याभोवती लावावेत.

डोंगरावर हवा विरळ असते. सुमारे 1,600 मीटर उंचीवर चेंडू साधारण 10 टक्के लांब जातो, म्हणजे एरवी 140 मीटर जाणारा सेव्हन आयर्नचा (धातूच्या पात्याच्या, मध्यम पल्ल्याच्या स्टिकचा) फटका 150 मीटरच्या पुढे पडतो. पोहोचल्याच दिवशी तेथे खेळू नये, आणि चढ-उतारावर बग्गी (मैदानावरची छोटी गाडी) घेण्यात कमीपणा मानू नये.

वाळवंटातील मैदानांवर हिरव्या पट्ट्याबाहेर लगेच खडे लागतात. खड्यांवरून मारताना स्टिकला ओरखडे पडतात, म्हणून तेथे झिजलेली एखादी आयर्न उपयोगी पडते. मात्र नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त 14 स्टिकच चालतात, तेव्हा तिच्यासाठी दुसरी काढावी लागेल.

विमानप्रवासात ड्रायव्हरचे (सर्वांत लांब पल्ल्याच्या स्टिकचे) डोके काढता येत असेल तर ते काढून कपड्यांत गुंडाळावे आणि रेंजफाइंडरच्या (अंतर मोजण्याच्या यंत्राच्या) सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातील सामानात ठेवाव्यात. काही मैदानांवर हँडिकॅपचा, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचा, दाखला मागतात. तो सोबत असावा.

आरक्षणापूर्वी आपला हँडिकॅप, चालण्याची तयारी आणि न खेळणाऱ्या सोबत्यांची संख्या आम्हांस कळवावी. त्यावरून आम्ही दिवसांचा क्रम लावून देतो.