एकच कऱ्हाड, पण दोनदा

समजा, दोन वाचनालयांनी एकत्र यायचं ठरवलं. दोन्हीकडे सभासदांच्या याद्या आहेत आणि काही माणसं दोन्हीकडे आहेत. शाळेत शिकलेला संच आठवा: एक घटक एकदाच लिहायचा. संयोग केला की सामाईक नावं एकदाच उरतात. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी डेटाबेसची मांडणी याच गणितावर उभी केली.

पुढे आलेल्या एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत मात्र एकाच टेबलात तीच ओळ दोनदा असू शकते. म्हणून तिथे दोन क्रिया आहेत. ‘युनियन ऑल’ सगळ्या ओळी एकाखाली एक ठेवते, ‘युनियन’ दुबार ओळी गाळते, आणि तेही नुसत्या दोन याद्यांमधल्या नव्हे, एकाच यादीतल्यासुद्धा. पैशांच्या हिशेबात हे फार जपावं लागतं. देणग्यांच्या याद्या ‘युनियन’ने जोडताना फक्त नाव आणि रक्कम मागवली आणि एका बाईंनी जानेवारीत ५००, मार्चमध्ये पुन्हा ५०० दिलेले असले, तर एकच ५०० उरतात. बेरीज कमी भरते आणि संगणक चकार शब्द काढत नाही. पावती क्रमांकही मागवला की दोन्ही ओळी शाबूत राहतात.

दुबार ओळी शोधायची युक्ती मला फार सुंदर वाटते. लाखलाख नावांच्या दोन याद्यांत प्रत्येक नाव दुसऱ्या यादीतल्या प्रत्येकाशी ताडलं, तर १००० कोटी तुलना होतील. त्याऐवजी नावावरून एक आकडा काढतात, त्याला हॅश म्हणतात. त्या आकड्याच्या कप्प्यात नाव टाकायचं. तेच नाव पुन्हा आलं की त्याच कप्प्यात जातं आणि तिथेच सापडतं.

पण ‘तेच नाव’ म्हणजे काय? युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक, म्हणजे संकेतांक, देणारी पद्धत. ‘कऱ्हाड’मधला ऱ तिथे एका संकेतांकाने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) असा दोन संकेतांकांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या ‘सेट’मध्ये, म्हणजे संचात, मात्र ही दोन वेगळी गावं ठरतात आणि संयोगानंतरही दोन्ही उरतात. त्यासाठी युनिकोडने नॉर्मलायझेशनचे, म्हणजे असे पर्याय एकाच रूपात आणायचे, नियम ठरवले आहेत. याद्या जोडण्याआधी ते लावले की दोन्ही ऱ एक होतात. तिसराही प्रकार आहे: र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. त्याला हे नियम हात लावत नाहीत. तो आपणच शोधून बदलावा लागतो.