रुमाल उचलल्यावर: नाल्ट्रेक्सोन बंद करताना शरीरात काय घडते

लोकलमध्ये जागा अडवण्यासाठी बाकावर रुमाल टाकण्याची युक्ती मुंबईकराला कोणी शिकवावी लागत नाही. रुमाल स्वतः कोठेही जायचा नसतो, पण तो तेथे आहे तोवर दुसऱ्याला बसता येत नाही. नाल्ट्रेक्सोन नावाचे औषध मेंदूत जवळपास हेच काम करते. मेंदूतील पेशींवर ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे ग्राही, असतात. अफूपासून मिळणारे मॉर्फिन किंवा शरीरातच तयार होणारे एंडॉर्फिन त्यांवर बसले की वेदना कमी होते आणि बरे वाटते. नाल्ट्रेक्सोन या जागा घट्ट अडवते, मात्र पेशीला स्वतःचा असा कोणताही संदेश देत नाही.

अमेरिकेत 1984 मध्ये या औषधाला मान्यता मिळाली ती अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी. दारूच्या व्यसनासाठीची मान्यता दहा वर्षांनी, 1994 मध्ये आली. त्यामुळे आज ही 50 मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांत अफू, हेरॉइन किंवा तत्सम काहीही आयुष्यात कधी न घेतलेली माणसे मोठ्या संख्येने असतात. लालबागच्या चाळीतल्या एखाद्या घरात काही महिन्यांनी गोळी थांबवायची वेळ येते, तेव्हा घरच्यांच्या मनात पहिली धास्ती असते ती हीच, की आता या गोळीचाही विथड्रॉल होणार का? दारू सुटताना हातांची थरथर, घाम आणि भास ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांची ही धास्ती अनाठायी म्हणता येणार नाही.

तरीही उत्तर 'नाही' असेच आहे, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मॉर्फिनसारखे द्रव्य ग्राहींना दिवसेंदिवस उत्तेजित करत राहिले की पेशी त्या उत्तेजनाला तोंड देण्यासाठी आपला कारभार उलट्या दिशेने वाढवतात. द्रव्य अचानक थांबले की हा वाढलेला उलटा कारभार उघडा पडतो, आणि त्यालाच आपण विथड्रॉल म्हणतो. नाल्ट्रेक्सोन मुळात उत्तेजनच देत नसल्याने शारीरिक अवलंबित्व निर्माण होत नाही.

येथे चिकित्सक वाचक एक रास्त हरकत घेईल. हृदयाचे ठोके मंदावणारे प्रोप्रॅनोलॉल हेही ग्राही अडवणारेच औषध आहे, आणि ते एकाएकी बंद केले तर हृदयाची धडधड उसळी मारून वाढू शकते, कारण ग्राही अडवलेले असताना पेशींनी त्यांची संख्या वाढवून ठेवलेली असते. मग नाल्ट्रेक्सोनचे तसे का होऊ नये? हरकत निव्वळ तर्काची नाही. उंदरांना काही दिवस सतत नाल्ट्रेक्सोन दिल्यास त्यांच्या मेंदूतील ओपिऑइड ग्राहींची संख्या खरोखरच वाढते, आणि औषध काढून घेतल्यावर मॉर्फिनचा परिणामही काही काळ अधिक तीव्र होतो. जागा अडल्या म्हणून रेल्वेने बारा डब्यांच्या गाडीला आणखी तीन डबे जोडावेत, तसा हा प्रकार.

फरक आहे तो गर्दीचा. हृदयावरील ग्राहींशी ॲड्रेनॅलिनच्या कुळातील द्रव्यांची ये-जा अहोरात्र चालू असते. रुमाल उचलताच वाढीव जागाही भरतात. स्वस्थ बसलेल्या माणसातील ओपिऑइड यंत्रणा त्या मानाने दुपारच्या लोकलसारखी असते, प्रवासी थोडेच. निरोगी माणसाला नाल्ट्रेक्सोनचे भावंड असलेले नॅलोक्सोन नेहमीच्या मात्रेत दिले, तर त्याला फारसे काही जाणवत नाही, ते यामुळेच. (काही संप्रेरकांची पातळी मात्र तेवढ्यानेही हलते, म्हणजे गाडी अगदी रिकामी नसते.) वेदना झाली की ही यंत्रणा जागी होते. दाढ काढलेल्या रुग्णांवर 1978 मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात, केवळ औषध मिळाल्याच्या समजुतीने ज्यांची वेदना कमी झाली होती, त्यांची वेदना नॅलोक्सोन देताच वाढली.

दुसरे कारण मला अधिक सुंदर वाटते. नाल्ट्रेक्सोनचे रक्तातील प्रमाण साधारण चार तासांत निम्मे होते, आणि शरीरात त्यापासून बनणाऱ्या मुख्य द्रव्याचे सुमारे तेरा तासांत. मेंदू मात्र एवढी घाई करत नाही. एका गोळीनंतर मेंदूतील अडवलेल्या जागा मोजणाऱ्या 1988 च्या अभ्यासात, पाचव्या दिवशीही जवळपास निम्म्या जागा अडलेल्याच होत्या. थोडक्यात, रुमाल एकदम उचलले जात नाहीत, एकेक करून निघतात. मात्रा हळूहळू कमी करण्याचे काम औषध आपोआपच करते.

मग गोळी बंद केल्यावर कोणाला अस्वस्थ वाटले, झोप बिघडली, तर ते खोटे मानायचे का? मुळीच नाही. पण त्याला लगेच विथड्रॉल म्हणण्याची घाईही करू नये, कारण बहुतेक वेळा औषधाने दाबून ठेवलेली मूळची गोष्ट परतलेली असते. दारूची ओढ हे त्याचे ठळक उदाहरण. गोळी चालू असताना पेल्यातून मिळणारे सुख फिके झालेले असते, ती थांबवून पुन्हा प्यायला बसले तर मेंदू ते सुख नव्याने शिकतो. वजन कमी करण्यासाठी ज्यांना नाल्ट्रेक्सोन आणि ब्युप्रोपिऑन एकत्र दिलेले असते, त्यांची भूकही अशीच परतू शकते, शिवाय ब्युप्रोपिऑन हे मनःस्थितीवर काम करणारे वेगळे औषध असल्याने जाणवणारा बदल नेमका कोणामुळे, हे डॉक्टरांनाच विचारावे. उलट, मळमळ, डोकेदुखी किंवा आनंद बोथट झाल्याची भावना ज्यांना औषधामुळे होती, त्यांना थांबवल्यावर हायसे वाटते.

व्यवहारात खरी दक्षता लागते ती वेदनाशामकांच्या बाबतीत. गोळी नुकतीच बंद केलेल्या माणसाला ट्रॅमाडॉलसारखे ओपिऑइड वेदनाशामक किंवा कोडीन हे ओपिऑइड असलेले खोकल्याचे औषध सुरुवातीला नीट लागू पडत नाही, आणि गुण येत नाही म्हणून मात्रा वाढवत नेली तर रुमाल निघून गेल्यावर तीच मात्रा श्वास मंदावण्याइतकी भारी पडू शकते. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी गोळी किमान 72 तास थांबवण्याची पद्धत आहे. महिन्यातून एकदा घ्यायच्या 380 मिलिग्रॅमच्या इंजेक्शनचा परिणाम मात्र सुमारे महिनाभर टिकतो, म्हणून शेवटचे इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतले, हे भूलतज्ज्ञाला आपणहून सांगावे.