१८९१ चा ठोकताळा आणि मुंबईतले जुने वस्तरे

जुना वस्तरा हाती आला की संग्राहक आधी पात्याच्या बुडाशी ठोकलेला शिक्का पाहतात. देशाचं नाव नसेल तर वस्तरा १८९१ च्या आधीचा, नुसतं 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' असेल तर त्यानंतरचा आणि 'मेड इन' असेल तर १९२१ नंतरचा, असा एक ठोकताळा या छंदात रुळला आहे. चोरबाजारातल्या विक्रेत्यांनाही तो आता पाठ झालाय, आणि भाव अर्थातच त्यांच्या सोयीच्या बाजूने लागतो. मुंबईत सापडणाऱ्या वस्तऱ्यांना मात्र तो जसाच्या तसा लावण्यात अर्थ नाही.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. १७४० च्या दशकात इंग्लंडमधल्या शेफील्डजवळ एका घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली आणि वस्तऱ्याला एकजिनसी धातू मिळाला. १७९० च्या दशकात मुंबईतल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या एका डॉक्टरने इथल्या वुट्झ, म्हणजे मुशीत घडवलेल्या देशी पोलादाच्या वड्या लंडनला तपासणीसाठी पाठवल्या. पुढे १८२० च्या सुमारास तिथल्या एका शास्त्रज्ञाने आणि एका कातरी-चाकूवाल्याने वुट्झचं गुपित शोधता शोधता पोलादात पाचशेला एक या प्रमाणात चांदी मिसळून पाहिली. 'सिल्व्हर स्टील'चे शिक्के त्यानंतर इतके माजले की त्यांतल्या बहुतेक पात्यांत चांदी असेल यावर विश्वास ठेवायचं कारण नाही. सुरुवातीची पाती पाचरीसारखी जाड होती. दोन्ही अंगांनी खोलगट घासलेली पातळ पाती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली आणि त्या कामात जर्मनीतल्या झोलिंगेनने शेफील्डला मागे टाकलं.

आता तो १८९१ चा घोळ. अमेरिकेने १८९० साली नवा जकात कायदा केला. मार्च १८९१ पासून तिथे उतरणाऱ्या परदेशी मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत असणं सक्तीचं झालं. ठोकताळा जन्मला तो यातून, आणि तो घडवला अमेरिकन संग्राहकांनी, आपल्या देशातल्या वस्तऱ्यांसाठी. पण मुंबई बंदरातल्या प्रिन्सेस डॉकवर उतरणाऱ्या पेटीला न्यूयॉर्कच्या जकातीशी काय देणंघेणं?

इथे चालायचा तो १८८९ चा व्यापारचिन्हांचा कायदा, आणि त्याचा रोख वेगळा होता. परदेशी मालावर ब्रिटिश किंवा हिंदी कारखानदाराचं, व्यापाऱ्याचं नाव घालून गिऱ्हाइकाला फसवू नये, एवढंच त्याला पाहायचं होतं. म्हणजे झोलिंगेनमध्ये घडवलेल्या वस्तऱ्यावर फोर्टातल्या दुकानदाराचं नाव ठोकलं असेल तर माल कुठला हे सांगणं भाग होतं. शेफील्डच्या वस्तऱ्यावर शेफील्डच्याच कारखान्याचं नाव असेल तर 'इंग्लंड' लिहायची गरज नव्हती, १९१० सालीसुद्धा नव्हती. त्यामुळे मुंबईत मिळालेल्या, देशाचं नाव नसलेल्या शेफील्ड वस्तऱ्याला 'व्हिक्टोरियन' म्हणून दुप्पट भाव लावणं ही शुद्ध थाप असू शकते. उलट कारखान्यांनी एकच शिक्का सगळ्या बाजारांसाठी वापरला असेल तर 'इंग्लंड' दिसेलही. तेव्हा ठोकताळा अगदीच टाकाऊ नाही. पण आकार जास्त बोलतो. शेपटी (पात्यामागे निघालेलं टोक) किती लांब, पातं पाचरी की खोलगट, रुंदी किती सूत. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, आणि वस्तऱ्याची रुंदी जगभर आठव्या भागांतच मोजतात, तेव्हा लेथवाल्यांचं हे माप इथे आयतं बसतं. शिवाय पहिल्या महायुद्धाची चार वर्षं जर्मन माल इथे बंद होता, हेही हिशेबात धरायला हवं.

त्याच १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेऊन विधवांच्या केशवपनाला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं होतं. संग्राहकांच्या गप्पांत वॉशिंग्टनची जकात निघते, ही सभा सहसा निघत नाही.

घरगुती वस्तऱ्याची सद्दी संपवली सेफ्टी रेझरने. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना असे सुमारे ३५ लाख रेझर वाटले गेले आणि सवय घरोघर पोहोचली. स्वातंत्र्यानंतर ठाण्यातच ब्लेडचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि १९५० च्या दशकाअखेरीस परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयात आवळली गेल्यावर झोलिंगेनचा नवा माल दुर्मिळ झाला. सलूनमधले कारागीर तरीही जुन्याच पात्याला चामड्याच्या पट्ट्यावर फिरवत राहिले. एड्सविरोधी प्रचाराने ते थांबलं. दुधारी ब्लेड मधोमध मोडून अर्धं पकडीत अडकवायचं, दाढी झाली की फेकायचं, हे रूढ झालं. धोकटीतले वस्तरे भंगारात निघाले. आज ज्याला 'कलेक्शन' म्हणतात त्यातलं बरंच तिथून आलेलं आहे.

भंगारातून दुकानात येताना बरेचसे बफावर, म्हणजे घासून चकाकी आणणाऱ्या फिरत्या चाकावर चढतात, आणि इथे माझं मत स्पष्ट आहे: चकचकीत वस्तरा घेऊ नये. बफाने शिक्क्याच्या कडा बोथटतात, कोरीव नक्षी पुसली जाते, आणि धारेजवळ निळसर झाक दिसली तर समजावं की पातं तापून त्याचं पाणी उतरलं. असं पातं कितीही पाजळलं तरी धार धरत नाही. काळपट डाग असलेला, पण धारेला सरळ वस्तरा त्याहून केव्हाही बरा.

सेल्युलॉइडच्या मुठी हा मुंबईचा खास ताप. हे जुनं प्लास्टिक सडायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि दमट हवेत पातं खातं. गंज नेमका मूठ मिटल्यावर झाकल्या जाणाऱ्या भागावर, मुठीच्या आकारात उमटतो. असा वस्तरा इतरांबरोबर एका डब्यात ठेवू नये, आणि पावसाळ्यात तर तो मिटूनही ठेवू नये.

हस्तिदंती मुठींचा प्रश्न कायद्याचा आहे. हत्तीच्या दाताचा देशातला व्यापार १९८६ च्या दुरुस्तीने आणि आयात केलेल्या आफ्रिकी दाताचा १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाला. वस्तू शंभर वर्षं जुनी आहे ही सबब चालत नाही. म्हणून बाजारात अशी मूठ 'हाडाची आहे' म्हणून पुढे केली जाते. हाडात बारीक काळी छिद्रं दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वळणदार रेषांची जाळी असते. ती दिसली तर विकणारा काहीही म्हणो, वस्तरा तिथेच ठेवावा.