करप्ट फाइल: आधी प्रत, मग दुरुस्ती

पेन ड्राइव्ह संगणकाला जोडावा आणि फोल्डरच्या ऐवजी ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे’ असा संदेश समोर यावा, हा अनुभव अनेकांना कधी ना कधी येतो. माझ्या मते या संदेशाची शब्दरचनाच घातक आहे. घाबरलेला माणूस समोर दिसणारे फॉरमॅटचे बटण दाबतो आणि जे वाचवता आले असते त्यातलेही बरेच गमावतो. संगणकाला खरे तर एवढेच सांगायचे असते की या ड्राइव्हच्या आरंभी असलेल्या नोंदींचा अर्थ त्याला लागलेला नाही. तुमची छायाचित्रे आणि कागदपत्रे नष्ट झाली आहेत, असे तो सांगत नसतो, आणि बहुतेक वेळा ती नष्ट झालेलीही नसतात.

हे कसे, ते समजण्यासाठी फाइल प्रत्यक्षात कशी साठवली जाते ते पाहावे लागते. ड्राइव्हवरची जागा ‘क्लस्टर’ नावाच्या समान तुकड्यांत विभागलेली असते. क्लस्टर ३२ किलोबाइटचा असेल, तर ३ मेगाबाइटचे एक छायाचित्र ९६ क्लस्टर व्यापते, आणि हे क्लस्टर एकमेकांना लागून असतीलच असे नाही. पेन ड्राइव्ह व मेमरी कार्डांवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘फॅट३२’ या फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीत फोल्डरच्या नोंदीत फाइलचे नाव, आकार आणि पहिल्या क्लस्टरचा क्रमांक असतो. त्यानंतरचा क्लस्टर कोणता, त्याच्यापुढचा कोणता, ही साखळी एका वेगळ्या तक्त्यात लिहिलेली असते. या साखळीचा एक दुवा चुकला, तर पुढचा सारा मजकूर ड्राइव्हवर जागच्या जागी असूनही संगणकाला सापडत नाही. दोन फाइलींच्या साखळ्या चुकून एकाच क्लस्टरवर येऊन मिळाल्या, तर एका फाइलमध्ये दुसरीचा भाग दिसू लागतो.

या नोंदी बिघडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे लिहिणे चालू असताना ड्राइव्ह काढून घेणे. पडद्यावरची पट्टी पूर्ण भरलेली दिसली, तरी काही मजकूर संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत थांबलेला असू शकतो. ‘सुरक्षितपणे काढा’ ही आज्ञा तो मजकूर ड्राइव्हवर उतरवून घेते. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाह्य ड्राइव्हसाठी असे थांबवून ठेवणे मुळातच बंद केलेले असते, पण म्हणून धोका संपत नाही. एक फाइल लिहिताना मजकूर, फोल्डरची नोंद आणि साखळीचा तक्ता अशा निरनिराळ्या ठिकाणी बदल करावे लागतात, आणि त्यांच्या मधल्या क्षणी वीज तुटली तर या नोंदींचा आपसात मेळ राहत नाही. विंडोजमधील एनटीएफएस किंवा लिनक्समधील ईएक्सटी४ यांसारख्या मांडणीच्या पद्धती अशा बदलांची आगाऊ टिपणे ठेवतात आणि त्यांवरून स्वतःला सावरून घेतात. फॅट३२ आणि एक्सफॅट यांत ती सोय नाही.

दुसऱ्या प्रकारचा बिघाड नोंदींत नसतो, तर साठवणाऱ्या चिपमध्येच असतो. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८७ साली मांडलेल्या नँड फ्लॅश रचनेत माहिती म्हणजे सूक्ष्म पेशींत अडकवून ठेवलेला विद्युतभार. सुरुवातीच्या पेशींत भाराच्या दोनच पातळ्या ओळखाव्या लागत. आज एका पेशीत तीन बिट साठवण्यासाठी ८ आणि चार बिट साठवण्यासाठी १६ पातळ्या ओळखाव्या लागतात. पातळ्यांमधले अंतर जितके कमी, तितकी थोड्याशा गळतीनेही चूक होण्याची शक्यता अधिक. प्रत्येक लिहिण्या-पुसण्यागणिक पेशी झिजते, आणि झिजलेला, उष्ण जागी दीर्घकाळ पडून राहिलेला ड्राइव्ह आपला भार लवकर गमावतो. ड्राइव्हमधला नियंत्रक चुका सुधारणाऱ्या संकेतांच्या आधारे हे बराच काळ सांभाळून घेतो, त्यामुळे वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही. त्याच्या आवाक्याबाहेर चुका गेल्या, की वाचनच अडते.

म्हणूनच पहिली कृती दुरुस्तीची नव्हे. ड्राइव्हवर काहीही नवे लिहू नये, आणि त्याच्या पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंतची हुबेहूब प्रत दुसऱ्या, पुरेशी जागा असलेल्या डिस्कवर घ्यावी. ‘डीडीरेस्क्यू’ हे मुक्त साधन सहज वाचता येणारे भाग आधी उचलते, अडणारे भाग मागाहून पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि काय मिळाले, काय राहिले याची नोंद ठेवते. मरणपंथाला लागलेल्या ड्राइव्हच्या बाबतीत हा क्रम फार मोलाचा ठरतो. त्यानंतरचे सर्व प्रयोग या प्रतीवर करावेत. विंडोजमधील ‘चेकडिस्क’सारखी आज्ञा ड्राइव्हची नोंदवही, म्हणजे फोल्डरच्या नोंदी आणि साखळीचा तक्ता, सुसंगत करते, तुमचा मजकूर वाचवणे हे तिचे काम नाही. बेवारस साखळ्यांना ती ‘सीएचके’ शेपटाच्या निनावी फाइली करून ठेवते आणि न जुळणाऱ्या फाइली कापूनही टाकते. मूळ ड्राइव्हवर हे एकदा झाले, की मागे फिरता येत नाही.

नोंदवही पूर्ण गेली असली, तरी एक वाट उरते. जेपीईजी छायाचित्राची सुरुवात षोडशमान पद्धतीतल्या ‘एफएफ डी८ एफएफ’ या बाइटांनी होते, झिप फाइलच्या आरंभी ‘पीके’ ही इंग्रजी अक्षरे असतात. ‘फोटोरेक’सारखी साधने सारा ड्राइव्ह चाळून अशा खुणा शोधतात आणि तिथून फाइल उचलतात. यात मूळ नावे व फोल्डर मिळत नाहीत, आणि तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली फाइल बहुधा अर्धवटच हाती येते.

अर्धवट फाइलचे पुढे काय होते, हे तिच्या घडणीवर ठरते. साध्या मजकुराच्या फाइलचा जेवढा भाग मिळेल तेवढा वाचता येतो. एमपी४ चित्रफितीची अनुक्रमणिका मात्र कॅमेरा बहुधा चित्रीकरणाच्या शेवटी लिहितो, त्यामुळे मध्येच बंद पडलेली फीत जवळजवळ सगळी शाबूत असूनही चालत नाही. त्याच कॅमेऱ्याची दुसरी चांगली फीत नमुना म्हणून देऊन अनुक्रमणिका पुन्हा रचणारी साधने अशा वेळी उपयोगी पडतात.

फोल्डरच्या जागी केवळ शॉर्टकट दिसत असतील, तर तो बहुतेकदा व्हायरसने फाइली लपवल्याचा प्रकार असतो. त्यांवर क्लिक न करता आधी व्हायरस काढावा आणि मग लपलेल्या फाइली दृश्य कराव्यात. खोटी क्षमता छापलेल्या ड्राइव्हची गोष्ट याहून वाईट आहे. खरी जागा संपल्यावर फाइलींची नावे आणि आकार व्यवस्थित दिसत राहतात, पण मजकूर कुठेच लिहिला गेलेला नसतो किंवा जुन्यावर नवा चढलेला असतो, आणि तो कोणत्याही साधनाने परत मिळत नाही. नवा ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून पाहणारी ‘एफ३’सारखी साधने ही फसवणूक पहिल्याच दिवशी उघड करतात.

सोडवलेल्या फाइली एकेक उघडून पाहिल्याशिवाय मूळ ड्राइव्ह फॉरमॅट करू नये. बिघाड केवळ नोंदींचा असेल, तर फॉरमॅटनंतर तो ड्राइव्ह पुन्हा वापरता येतो; वाचनात चुका येत असतील, तर फॉरमॅटने नोंदवही कोरी होते, झिजलेल्या पेशी तशाच राहतात.